चंडीगडमधील ऑइलबदल : एका छोट्या कामाचा इतिहास

इंजिनातले जुने ऑइल काढून नवे भरणे हे मोटारीच्या देखभालीतले सर्वांत साधे आणि सर्वांत महत्त्वाचे काम होय. ऑइल फिरत्या भागांमध्ये पातळ थर धरून घर्षण कमी करते, पिस्टनजवळची उष्णता वाहून नेते, ज्वलनातून येणारी काजळी व आम्ले सामावून घेते आणि धातूला गंजू देत नाही. ही कामे करता करता ते स्वतः खराब होते. उष्णतेमुळे त्याचे ऑक्सिडीकरण होते, त्यात मिसळलेली रासायनिक पूरके संपत जातात, पेट्रोलचा अंश आणि पाण्याची वाफ त्यात उतरते. वेळेवर न बदललेल्या ऑइलचा गाळ होतो, त्याच्या वाटा तुंबतात आणि शेवटी इंजिनाचेच काम निघते.

हे काम कोणी करायचे, मालकाने, ड्रायव्हरने, मिस्त्रीने की कंपनीच्या वर्कशॉपने, याचे उत्तर मात्र दर पिढीत बदलत गेले आहे. हा बदल चंडीगडमध्ये स्पष्ट दिसतो. शहराचा इतिहास जेमतेम सात दशकांचा आहे, त्याची आखणी वाहनांचा विचार करून झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिथल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या घरांकडे चारचाकी होती. हे प्रमाण देशातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक होते. या आखणीत मोटारीला पहिल्या दिवसापासून जागा मिळाली. मोटारीचा मिस्त्री आणि तिच्यातून निघणारे काळे तेल यांची सोय मात्र बरीच उशिरा लागली.

पूर्वपीठिका

यंत्रांना घालण्याचे तेल मुळात प्राणिज किंवा वनस्पतिज असे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील खनिज तेल उपलब्ध झाल्यावर जॉन एलिस यांनी १८६६ मध्ये वाफेच्या इंजिनांसाठी खनिज वंगणाचा उद्योग सुरू केला. पुढे त्यातूनच ‘व्हॅल्व्होलिन’ हे नाव रूढ झाले. इंग्लंडमध्ये चार्ल्स वेकफील्ड यांनी १८९९ मध्ये आपली कंपनी काढली आणि १९०९ च्या सुमारास एरंडेल मिसळलेले ‘कॅस्ट्रॉल’ बाजारात आणले.

सुरुवातीच्या मोटारींत ऑइल फार लवकर बदलावे लागे. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये ऑइलचा पंप नव्हता आणि पातळी पाहण्याची पट्टीही नव्हती. फिरत्या भागांनी उडवलेल्या ऑइलवर सारे इंजिन चाले आणि पातळी तपासायची तर गाडीखाली वाकून चेंबरच्या, म्हणजे ऑइल साठते त्या तळाच्या भागाच्या, दोन छोट्या तोट्या उघडाव्या लागत. गाळणी नसल्याने काही शे मैल चालल्यावर सगळे ऑइल काढून टाकणे भाग असे. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत हे काम मालकाने किंवा त्याच्या ड्रायव्हरने करायचे असेच गृहीत धरलेले होते.

दोन ऑइलबदलांमधले अंतर वाढवणाऱ्या अनेक गोष्टी पुढच्या पन्नास वर्षांत झाल्या. १९११ मध्ये अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने दाटपणानुसार ऑइलचे ग्रेड ठरवले. १९२० च्या दशकात अर्नेस्ट स्वीटलँड यांच्या ‘प्युरोलेटर’मुळे मोटारीत ऑइलची गाळणी आली. काजळी तरंगत ठेवणारी, म्हणजे तिचा थर बसू न देणारी पूरके दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास रूढ झाली. एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेने १९४७ मध्ये दर्जानुसार ऑइलचे वर्ग केले आणि १९५० च्या दशकात थंडी व उन्हाळा दोन्हींत चालणारी मल्टिग्रेड ऑइले आली.

भारतात वेकफील्डचा व्यापार १९१० च्या सुमारास सुरू झाला. त्या काळी मोटार संस्थानिक, बडे अधिकारी आणि व्यापारी यांच्याकडेच असे. मालक स्वतः चेंबरखाली जाण्याचा प्रश्नच नव्हता. ड्रायव्हर हाच मिस्त्री असे आणि ऑइल बदलणे त्याच्या पगारातले काम मानले जाई. पंजाबात या विद्येचे मोठे केंद्र लाहोर होते. फाळणीत ते सीमेपलीकडे गेले आणि पंजाबला नवी राजधानी उभारावी लागली.

रस्त्यांचे शहर

नव्या राजधानीचा पहिला आराखडा अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांचा होता. ऑगस्ट १९५० मध्ये विमान अपघातात नोविकी यांचा मृत्यू झाला. त्यानंतर ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे काम आले. पिएर जान्रे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे त्यांचे सहकारी होते. भारतीय वास्तुरचनाकारांच्या चमूत ए. आर. प्रभावळकर यांचाही समावेश होता. २ एप्रिल १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली आणि ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी शहराचे उद्घाटन केले.

कॉर्ब्युझिए यांनी रस्त्यांचे सात प्रकार केले आणि त्यांना व्ही-१ ते व्ही-७ अशी नावे दिली. बाहेरून शहरात येणारा व्ही-१, मध्य मार्गासारखे मोठे हमरस्ते व्ही-२, सेक्टरभोवती फिरणारा वेगवान वाहनांचा व्ही-३, सेक्टरमधून जाणारा बाजाराचा व्ही-४, आतला वळसा व्ही-५, घरांच्या दारापर्यंत जाणारा व्ही-६ आणि हिरव्या पट्ट्यातली पायवाट व्ही-७. सायकलींसाठीचा व्ही-८ नंतर आला. प्रत्येक सेक्टर साधारण ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब होता. वेगवान रहदारीच्या रस्त्यावर कोणत्याही घराचे दार उघडू नये, असा नियम होता.

एवढा तपशील असलेल्या या आराखड्यात गाड्यांच्या दुरुस्तीचे काम कुठे चालावे, हे मात्र तितक्या बारकाईने ठरले नाही. उद्योगांसाठी आग्नेयेकडे औद्योगिक वसाहत राखली गेली आणि ती निवासी भागापासून झाडांच्या पट्ट्याने वेगळी केली गेली. १९५२ च्या राजधानी विकास कायद्याने प्रत्येक भूखंडाचा वापर बांधून दिला. निवासी जागेत धंदा थाटल्यास जागा परत घेण्याची तरतूद त्यात होती. त्याच वर्षीच्या परिघ नियंत्रण कायद्याने शहराबाहेरच्या पट्ट्यातही मनमानी बांधकाम करता येईना. लाहोर, अमृतसर किंवा मुंबईत मिस्त्री आपल्या गल्लीत, घराच्या ओट्याशी गॅरेज काढू शकत होता. चंडीगडमध्ये ते कायद्याविरुद्ध होते.

सुरुवातीला याची अडचण फारशी जाणवली नाही, कारण मोटारीच कमी होत्या. पहिल्या दोन दशकांत चंडीगड सायकलींचे शहर होते. पहिल्या टप्प्यातले ३० सेक्टर दीड लाख माणसांसाठी आणि पुढचे साडेतीन लाखांसाठी, अशी एकूण पाच लाखांची कल्पना होती.

अँबॅसेडर आणि फियाट

१९५० ते १९८० या काळात रस्त्यावर मुख्यतः दोन मोटारी दिसत. उत्तरपाऱ्याच्या हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसेडर सरकारी कामाची गाडी होती. १९६६ पासून पंजाब व हरियाणा या दोन राज्यांची राजधानी आणि शिवाय केंद्रशासित प्रदेश असलेल्या चंडीगडमध्ये तर ती जागोजागी दिसे. दुसरी फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी. ती मुंबईत कुर्ल्याला, वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बने.

या गाड्यांच्या इंजिनांची रचना साधी होती आणि ऑइल खाण्याची सवयही त्यांना होती. दोन ऑइलबदलांच्या मध्ये अर्धा-एक लिटर ऑइल वर घालावे लागणे नेहमीचे होते. दर सकाळी बॉनेट उघडून पट्टी पुसणे आणि पातळी पाहणे हा ड्रायव्हरच्या कामाचा भाग असे. अँबॅसेडरच्या जुन्या इंजिनात फिल्टर आजच्यासारखा फिरवून काढायचा बंद डबा नव्हता. लांब बोल्टने धरलेला लोखंडी कप उतरवून त्यातला गाळणारा भाग बदलायचा, कप रॉकेलने धुवायचा आणि त्याची रबरी रिंग नव्याने बसवायची, असे ते काम होते. ती रिंग वाकडी बसली तर इंजिन सुरू होताच ऑइल बाहेर उसळे.

चंडीगडच्या हवामानामुळे ऑइलच्या निवडीला महत्त्व आले. शिवालिकच्या पायथ्याशी असलेल्या या शहरात जूनमध्ये पारा ४४ अंशांपर्यंत चढतो आणि जानेवारीत पहाटे दोन-तीन अंशांवर येतो. एकेरी ग्रेडच्या ऑइलला हा फरक पेलवत नसे. उन्हाळ्यासाठी दाट, थंडीत पातळ असे दोन प्रकार ठेवावे लागत. चुकीचे ऑइल असेल तर थंडीत इंजिन फिरता फिरत नसे आणि उन्हाळ्यात ऑइलचा दाब पडे. मल्टिग्रेड ऑइल सर्वत्र मिळू लागले तेव्हा ऋतूनुसार ऑइल बदलण्याची ही गरज संपली. त्याच्या नावात ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतला पातळपणा सांगतो आणि नंतरचा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा. २०डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-४० हे ग्रेड त्या काळच्या सैलसर बेअरिंगांना मानवत.

ऑइलचा पुरवठाही या काळात देशी झाला. मुंबईत तुर्भ्याला १९५० च्या दशकात स्टँडर्ड-व्हॅक्युम (पुढची एसो) आणि बर्मा-शेल यांचे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. तिथेच १९६९ मध्ये ‘ल्यूब इंडिया’चा वंगणाच्या मूळ तेलाचा कारखाना सुरू झाला. १९७० च्या दशकात या परदेशी कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या कंपन्या झाल्या. इंडियन ऑइलने १९७२ मध्ये ‘सर्वो’ बाजारात आणले. पेट्रोलपंपावर ऑइलचा डबा मिळे, आणि ज्या पंपावर खड्डा किंवा रॅम्प असे तिथे ते बदलूनही मिळे.

चंडीगडच्या मिस्त्रींचे मनुष्यबळ तीन वाटांनी आले. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेले कारागीर ही पहिली वाट होती. सुतारकाम व लोहारकाम परंपरेने करणाऱ्या रामगढिया शिखांनी मोटारदुरुस्तीत मोठा वाटा उचलला. दुसरी वाट तांत्रिक शिक्षणाची. लाहोरच्या मुघलपुऱ्यात १९२१ मध्ये सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय फाळणीनंतर रूडकीला आणि १९५३ मध्ये चंडीगडच्या सेक्टर १२ मध्ये आले, तर सेक्टर २८ च्या आयटीआयमधून कुशल कामगार तयार होऊ लागले. तिसरी वाट शेतीची. शेजारच्या मोहालीत पंजाब ट्रॅक्टर्स ही कंपनी १९७० मध्ये स्थापन झाली आणि १९७४ पासून तिचा ‘स्वराज’ ट्रॅक्टर शेतात उतरला. ट्रॅक्टरचे ऑइल किलोमीटरवर नव्हे, चालल्याच्या तासांवर बदलतात, आणि ते शेतकरी बहुधा घरच्या अंगणात स्वतःच बदलतो. त्यामुळे गावाकडून चंडीगडला आलेल्या अनेकांना हे काम अनोळखी नव्हते.

शिकण्याची पद्धत उस्ताद-शागिर्दांची होती. पोरगा आधी पाने पुसायला आणि सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायला बसे. स्वतंत्रपणे मिळणारे पहिले काम बहुतेकदा ऑइल बदलण्याचेच असे.

मारुतीनंतर

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते दिल्लीचे हरपाल सिंग यांना पहिल्या मारुती ८०० ची किल्ली मिळाली. ७९६ सीसीच्या या तीन सिलिंडरच्या इंजिनात फिरवून काढता येणारा फिल्टर होता आणि ऑइल तीन लिटरच्या आसपास लागे. हे ऑइल बदलणे अँबॅसेडरच्या तुलनेत फारच सोपे होते. तरीही मारुतीच्या काळात मालकाचा या कामाशी संबंध आणखी कमी झाला.

याची कारणे तांत्रिक नव्हती. मारुतीने अधिकृत वर्कशॉपचे जाळे उभारले, गाडीबरोबर मोफत सर्व्हिसची कूपने दिली आणि वॉरंटी सर्व्हिसच्या नोंदींशी जोडली. चंडीगडच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या जागी हळूहळू मोटारींची शोरूम आणि वर्कशॉप दिसू लागली. मालकाने किल्ली द्यायची आणि संध्याकाळी बिल भरायचे, ही पद्धत रुळली. मजुरी कमी असल्याने स्वतः ऑइल बदलून वाचणारी रक्कमही नगण्य होती. अमेरिकेत महागड्या मजुरीमुळे घराच्या ड्राइव्ह-वेवर ऑइल बदलण्याची प्रथा रुजली. भारतात तशी गरजच पडली नाही.

१९९२-९३ मध्ये मूळ तेलाची आयात आणि वंगणाच्या किमती खुल्या झाल्या. शेल, मोबिल, गल्फ ही नावे भारतीय बाजारात परतली. स्पर्धा वाढली तशी कंपन्यांनी मालकाऐवजी मिस्त्रीला हाताशी धरले. डब्याच्या झाकणाखाली किंवा खोक्यात मिस्त्रीसाठी कूपन ठेवण्याची पद्धत पडली. मिस्त्री सांगेल ते ऑइल, हा बाजाराचा नियम झाला. त्याबरोबर बनावट ऑइलही वाढले. नामवंत कंपनीच्या रिकाम्या डब्यात गाळलेले जुने तेल भरून विकले जाई. म्हणून जाणता ग्राहक डबा आपल्यासमोर उघडायला लावतो आणि रिकामा झाला की त्याला भोक पाडतो.

मोटर मार्केट

वॉरंटी संपलेल्या गाड्यांचे ऑइल बदलणारा मिस्त्री शहरात होताच, पण त्याला हक्काची जागा नव्हती. सेक्टरच्या बाजारामागे, मोकळ्या पार्किंगमध्ये आणि रस्त्याकडेला काम चाले आणि जमिनीवर काळे डाग पडत. प्रशासनाने त्यावर स्वतंत्र मोटर मार्केट हा तोडगा काढला. मनीमाजऱ्यातले मोटर मार्केट यांतले सर्वांत परिचित. चंडीगडच्या आधीपासून असलेले हे जुने गाव कॉर्ब्युझिए यांच्या आराखड्याबाहेर होते. २०२० मध्ये मनीमाजऱ्याला सेक्टर १३ असे अधिकृत नाव मिळाले, जो क्रमांक मूळ आराखड्यात वगळलेला होता. सेक्टर ३८ पश्चिम आणि सेक्टर ४८ येथेही अशी मार्केट झाली. सुटे भाग, डेंटिंग-पेंटिंग, वायरिंग आणि ऑइलबदल अशी सारी कामे तिथे एका आवारात होतात.

या मार्केटमुळे मिस्त्रीला पत्ता मिळाला. तोवर वाहनांची संख्या मात्र कोणत्याही अंदाजापलीकडे गेली होती. २०११ मध्ये चंडीगड या केंद्रशासित प्रदेशाची लोकसंख्या १०,५५,४५० होती. आज नोंदणी झालेली वाहने लोकसंख्येहून अधिक आहेत.

पहिल्यांदा स्वतः

गेल्या दहा-पंधरा वर्षांत ऑइल स्वतः बदलणारा एक छोटा मालकवर्ग तयार झाला आहे. त्याचा हेतू सहसा पैसे वाचवणे हा नसतो. ठरलेल्या ग्रेडचेच ऑइल गेले, फिल्टर खरोखर बदलला आणि बोल्ट योग्य ताकदीने आवळला, याची खात्री त्याला हवी असते. अस्सल फिल्टर, वॉशर आणि टॉर्क पाना घरपोच मिळू लागल्याने हे शक्य झाले. चंडीगडच्या जुन्या सेक्टरांतील कोठ्यांना, म्हणजे बंगल्यांना, फाटकाच्या आत गाडीपुरती सपाट जागा असते, ही मोठी सोय आहे. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाच्या सदनिकांत राहणाऱ्यांना ती मिळत नाही.

कामाचा क्रम ठरलेला आहे. इंजिन काही मिनिटे चालवून ऑइल कोमट करतात, म्हणजे ते पातळ होऊन गाळासह वाहते. ते फार गरम असेल तर हात भाजतो. गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना अडसर लावून रॅम्पवर किंवा स्टँडवर घेतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाणे जिवावर बेतू शकते. भरण्याच्या तोंडाचे झाकण उघडून चेंबरचा बोल्ट रिंग पान्याने सैल करतात आणि शेवटचे आटे हाताने सोडवतात. ऑइल पूर्ण निथळल्यावर नवा वॉशर घालून बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर आवळतात. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे पाहतात, कारण दोन रिंगा एकावर एक आल्या तर ऑइल गळणारच. नव्या फिल्टरच्या रिंगेला ऑइलचे बोट फिरवून तो हातानेच बसवतात. मग सांगितलेल्या मापापेक्षा थोडे कमी ऑइल भरून इंजिन सुरू करतात. दाबाचा लाल दिवा विझला पाहिजे. इंजिन बंद करून काही मिनिटांनी पट्टीवर पातळी पाहतात. ती दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ असावी.

नवख्या हातून होणाऱ्या चुका बहुधा दोन. पहिली, बोल्ट फार आवळणे. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे त्याने जातात आणि मग चेंबरच बदलावा लागतो. दुसरी, ऑइल जास्त भरणे. फिरता क्रँक त्याला फेस आणतो आणि फेसाळलेले ऑइल बेअरिंगवर थर धरत नाही. ग्रेडही जुन्या सवयीने निवडून चालत नाही. आजच्या इंजिनांतील फटी कमी असल्याने अनेक गाड्यांना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० इतके पातळ ऑइल लागते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या डिझेल गाड्यांत काजळीचा फिल्टर असतो आणि त्यासाठी कमी राखेचे ऑइल सांगितलेले असते. सध्या बहुतेक पेट्रोल मोटारींसाठी १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, अशी मुदत असते. धूळ, उन्हाळा आणि थोड्या अंतराच्या फेऱ्या जास्त असल्यास ती आधीच धरणे योग्य.

काळे तेल

काढलेल्या ऑइलचा प्रश्न प्रत्येक काळात होता आणि प्रत्येक काळात तो दुसऱ्यावर ढकलला गेला. मिस्त्रीकडचे काळे तेल भंगारवाला नेई. ते बांधकामाच्या फळ्यांना लागे, लाकडाला वाळवीविरुद्ध लागे, भट्टीत जळे किंवा पुन्हा बनावट डब्यात जाई. २००० पर्यंत देशात शिसेयुक्त पेट्रोल विकले जात असल्याने त्या काळच्या काळ्या तेलात शिसेही उतरे. आजच्या तेलातही धातूंचे कण आणि कर्करोगाला कारण होणारी संयुगे असतात.

चंडीगडमध्ये पावसाचे पाणी आणि सांडपाणी यांची गटारे वेगळी आहेत. पावसाच्या गटारात ओतलेले तेल प्रक्रिया न होता नाल्याला मिळते. सुखना चो आणि एन-चो हे शहराचे नाले पुढे घग्गर नदीकडे जातात. गाडीखाली सांडलेल्या तेलाचा डाग पाण्याच्या नळीने धुऊन काढणे म्हणजे ते नदीत सोडणेच.

१९८९ च्या घातक कचरा नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश झाला. २०१६ मध्ये ते नियम नव्याने आले आणि २०२३ च्या दुरुस्तीने तेल विकणाऱ्या उत्पादकांवरच ते परत गोळा होऊन शुद्ध होण्याची जबाबदारी टाकली. ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. नोंदणीकृत कारखान्यात पाणी काढून, निर्वात ऊर्ध्वपातन करून अशा तेलापासून पुन्हा वंगणाचे मूळ तेल मिळते, कारण वापरात खराब होतात ती पूरके, मूळ तेल बऱ्याच अंशी टिकून असते. वर्कशॉपला या साखळीत स्थान आहे. घरी ऑइल बदलणाऱ्याचे तीन-चार लिटर मात्र आपोआप तिच्यात शिरत नाहीत.

पुढे

चंडीगड प्रशासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये विद्युत वाहन धोरण जाहीर केले आणि पेट्रोल वाहनांच्या नोंदणीवर मर्यादा घातली. विरोधानंतर २०२३ मध्ये ती उठवली गेली. विद्युत मोटारीत इंजिन ऑइल नसते, फक्त गिअरच्या पेटीत थोडे वंगण असते. हायब्रिड गाड्यांत ते अजून लागते आणि रस्त्यावरच्या लाखो पेट्रोल-डिझेल गाड्या आणखी बरीच वर्षे चालतील. तोवर हे काम मिस्त्री, वर्कशॉप आणि मालक यांच्यात वाटलेले राहील. मालक ते पहिल्यांदा करणार असेल, तर पाना, फिल्टर आणि ऑइलबरोबर त्याने झाकणाचा एक रिकामा डबाही जवळ ठेवावा. काढलेले ऑइल त्यात भरून नोंदणीकृत पुनर्शुद्धीकरणवाल्याला तेल देणाऱ्या वर्कशॉपमध्ये पोचवावे. ते पोचेपर्यंत ऑइलबदल पुरा झाला असे मानू नये.